मदत हवी आहे: वर्षाअखेरीस मुलं गाळणाऱ्या अभिनयाच्या कोर्सला मुलीला पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलीने यंदा बारावीची परीक्षा दिली. लहानपणापासून ती नाटकात आहे, हुतात्मा स्मृती मंदिराचा रंगमंच तिच्या पायाखालचा. अमेरिकेतल्या बीएफए अ‍ॅक्टिंगसाठी, म्हणजे अभिनयाच्या चार वर्षांच्या पदवीसाठी, तिने ऑडिशनचे व्हिडिओ पाठवले होते. दोन कॉलेजांचा होकार आलाय आणि १ मेच्या आत एकीकडे डिपॉझिट भरायचं आहे.

अडचण अशी की, त्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात 'कट' आहे. पहिल्या वर्षाला जास्त मुलं घेतात आणि वर्ष संपताना शिक्षक ठरवतात की कोण पुढे जाणार. नापास झाला म्हणून काढलं असं नाही, पुढच्या वर्गात जागाच तेवढ्या. गाळलेल्यांनी नाटकाची साधी बीए करायची, नाहीतर दुसरं कॉलेज बघायचं. न्यूयॉर्कच्या नामांकित ज्युलियार्ड स्कूलमध्येही पूर्वी हीच पद्धत होती, पुढे त्यांनी ती बंद केली. दुसऱ्या कॉलेजात मुलं कमी घेतात, पण घेतलेल्यांना चारही वर्षं शिकवतात. नाव मात्र तेवढं मोठं नाही.

मुलीचा ओढा पहिल्याकडे. तिचं म्हणणं, या धंद्यात जन्मभर निवडच होत राहणार, मग आत्ताच झाली तर काय बिघडलं? शिवाय टिकलेल्यांना शेवटच्या वर्षी कामं मिळवून देणाऱ्या एजंटांसमोर शोकेस, म्हणजे आपला अभिनय दाखवणारा प्रयोग, करायला मिळतो. हे मला पटतं.

पण माझा जीव अडकलाय तो भाषेत. आमच्या घरात मराठी, कारखान्यात तेलुगू आणि कन्नड. ती इंग्रजी छान बोलते, पण इंग्रजीत रडणं, भांडणं, कुणाला तोडून बोलणं तिने रंगमंचावर कधी केलेलं नाही. त्या भाषेत तिचा आवाज मोकळा व्हायला वेळ लागणार. तालमीत वेडंवाकडं करून बघायचं, फसायचं, ते पहिल्याच वर्षी. त्याच वर्षी निकाल डोक्यावर असेल तर पोर जे हमखास जमतं तेवढंच करत राहील, अशी मला भीती वाटते. आणि ज्याच्याबरोबर नाटकातला प्रवेश करायचा तोच आपली जागा घेणार असेल, तर त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

व्हिसाचंही आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना तिला गाळलं, तर तिथेच दुसऱ्या कोर्सला पूर्णवेळ राहायचं किंवा दुसऱ्या कॉलेजात बदली घ्यायची, नाहीतर परत यायचं. बदली घेतली तर अभिनयाच्या वर्गांचे क्रेडिट नवं कॉलेज धरेलच असं नाही. कर्जासाठी जुळे सोलापुरातलं घर तारण ठेवतोय, त्यामुळे एक वर्ष वाया जाणं आम्हाला परवडणारं नाही.

घरच्यांचं तिसरंच. पुण्याला ललित कला केंद्रातून नाटकाची पदवी घे आणि मग एनएसडी, म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. अतुल कुलकर्णी सोलापुरात नाटक करत एनएसडीला गेले, हे आमच्याकडे प्रत्येक काका ऐकवतो. तो रस्ता चांगलाच आहे. पण एनएसडीला पदवीनंतरच जाता येतं आणि जागा मोजक्या, म्हणजे निवड तिथेही कडकच. फरक एवढाच की ती दारात होते, आत घेतल्यावर नाही.

कट असलेल्या कॉलेजात कुणी स्वतः शिकलं असेल, किंवा कुणाची मुलं शिकली असतील, तर कृपया सविस्तर लिहा. वर्षाच्या मध्यावर शिक्षक लेखी सांगतात का, की तू कुठे कमी पडतेस? परदेशी उच्चाराच्या मुलांना खरोखर वेळ देतात का? गाळल्यावर टॅलेंट स्कॉलरशिप राहते की तीही जाते? गेल्या काही बॅचमध्ये किती मुलं आली आणि किती उरली, हा आकडा मी कॉलेजला ईमेलने विचारलाय. उत्तर आलं की इथे टाकतो. तोवर गाळल्या गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे कुणाला माहीत असेल तर ते मला सगळ्यात आधी ऐकायचं आहे.