कपाटातली तिजोरी: बोल्ट कुठे मारायचा आणि पावसाळ्यात कागदांचं काय?

मुलुंडकर विचारतात:
सातवा मजला, २०१६ ची बिल्डिंग. बेडरूमच्या वॉर्डरोबमध्ये तळाच्या खणात साधारण ३० लिटरची डिजिटल तिजोरी बसवायची आहे. आत काय जाणार: आईचे दागिने (मोत्यांची नथ आणि तन्मणी धरून), फ्लॅटचं मूळ अ‍ॅग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, दोन पासपोर्ट आणि स्कॅन केलेल्या कागदांचा पेन ड्राइव्ह. सुतार म्हणतो, मागच्या प्लायला चार स्क्रू मारतो, हलणार नाही. वॉर्डरोबमागे बाथरूमची भिंत आहे. एवढ्यावर भागेल का?

ठोकपीट:
सुताराला थांबवा. वॉर्डरोबचा मागचा प्लाय बहुधा ६ मिमीचा असतो, पहारीच्या एका झटक्यात स्क्रूसकट बाहेर येतो. या मापाची साधी पत्र्याची तिजोरी रिकामी असताना दहा-पंधरा किलोची. चोर ती फोडत बसत नाही, पिशवीत घालून नेतो आणि घरी सावकाश उघडतो. म्हणजे तिजोरीचं खरं कुलूप तिच्या मागचे बोल्टच.

आधी भिंत ओळखा. वॉर्डरोबच्या आत बाजूच्या भिंतीत, कोपऱ्यात ६ मिमीचं एक भोक पाडून भुकटी बघा. लाल आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. करडी आणि ड्रिल हटेना तर आरसीसी. आरसीसीत १० मिमीचे अँकर फास्टनर (आवळले की भोकात फुलून पकड घेणारे बोल्ट) बिनधास्त मारा, सळई लागली तर इंच-दोन इंच सरका. चार इंची विटेच्या भिंतीत विटेच्या मध्यावर मारा, सांध्यात नको. फास्टनरची लांबी मोजताना प्लाय, मागची पोकळी आणि प्लास्टर आधी वजा करा. प्लास्टरला पकड नसते.

भोक पाडल्यावर भुकटी फुंकून काढा. हे कोणी करत नाही, आणि मग फास्टनर जागेवरच फिरत राहतो. तिजोरी आणि भिंतीत पोकळी असेल तर प्लायचा तुकडा भरा, नाहीतर बोल्ट आवळताना तिजोरीची पाठ आत दबते आणि दार अडकायला लागतं.

मागच्या, बाथरूमच्या भिंतीला मात्र हात लावू नका, बोल्ट बाजूच्या भिंतीतच. आत पाण्याच्या लाइनी आहेत, ओलही आहे.

जुनी_फाईल:
मुंबईत या तिजोऱ्यांचा चोरापेक्षा मोठा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. बंद डब्यात दमट हवा कोंडते आणि ऑगस्टपर्यंत कागदांवर बुरशीचे ठिपके दिसतात. आगरोधक तिजोरीत तर आणखी, कारण तिच्या भिंतींत भरलेल्या मसाल्यात पाणी धरलेलं असतं. आगीत तेच वाफ होऊन आतलं तापमान रोखतं, पण एरवी ओलावा आत सोडतं.

३० लिटरला दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेल ठेवा, नारिंगी दाण्यांचं. ते हिरवं पडलं की १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नको. कपाटात ठेवतात त्या पाणी गोळा करणाऱ्या डब्या तिजोरीत कधीच नकोत. कलंडल्या तर खारं पाणी थेट अ‍ॅग्रीमेंटवर.

पीव्हीसीचे मऊ, चकचकीत फोल्डर झेरॉक्सची शाई उचलतात. पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. रबरबँड वितळून चिकटतात, शिवाय त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. अ‍ॅग्रीमेंटला लॅमिनेशन अजिबात नको. आणि मोती सिलिकाच्या शेजारी ठेवू नका, फार कोरड्या हवेत तडकतात. नथ-तन्मणी सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत.

पेन ड्राइव्हबद्दल: कागदासाठीच्या आगरोधक तिजोरीत आत १७७ अंशांपर्यंत तापमान चढलं तरी ती चाचणीत पास. डिजिटल वस्तूंची मर्यादा ५२ अंशांची. म्हणजे कागद वाचेल, पेन ड्राइव्ह जाईल. स्कॅनची दुसरी प्रत घराबाहेर हवीच.

चावीवाला:
घेताना आतलं माप बघा. ए४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर, फोल्डरसकट आतून २५ बाय ३४ तरी लागतं. बऱ्याच ३० लिटरवाल्यांत फाईल वाकवूनच जाते.

स्वस्त कुलपांत सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेच्या चुंबकाने पिन ओढणारं यंत्र. काही मॉडेलांत वरून दणका दिला की त्याची पिन क्षणभर उडते आणि नेमकी त्याच वेळी मूठ फिरवली तर दार उघडतं. मोटरवालं कुलूप घ्या. कंपनीने दिलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदला, लोक फक्त स्वतःचा कोड बदलतात. सेल अल्कलाइन, चारही एकदम, वर्षातून एकदा. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, कीपॅड पेटतो पण बोल्ट सरकत नाही. आपत्कालीन चावी तिजोरीतच ठेवणारे महाभाग कमी नाहीत. सेल उतरले की मग कटरवाल्याला फोन.

लॉकरप्रेमी:
एवढ्या उपद्व्यापापेक्षा बँकेचा लॉकर बरा नाही का?

जुनी_फाईल:
रोज न लागणाऱ्या दागिन्यांना बरा. पण १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं ४,००० असेल तर ४ लाख, आत काहीही असो. मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ज्या दिवशी ते हवं असतं त्याच दिवशी लॉकर उघडायला कागदपत्रं लागतात.

घरच्या तिजोरीचा विमा काढणार असाल तर अटी वाचा. चावी वापरून उघडलेल्या तिजोरीचा क्लेम, चावी जबरदस्तीने घेतल्याचं दाखवता आलं नाही तर, बहुधा अडतो.

मुलुंडकर:
भोक पाडून पाहिलं. बाजूच्या भिंतीतून पांढरी भुकटी आली, ड्रिल सरसर आत गेलं.

ठोकपीट:
म्हणजे सिपोरेक्स. साधा फास्टनर आवळला की तो आतून चुरतो, आज घट्ट वाटेल, महिन्याने हलेल. तुमच्याकडे तळाचा खण आहे, तर जमीनच वापरा. वॉर्डरोबचा तळ तेवढा कापून तिजोरी लादीवर बसवा. मात्र ज्या तिजोरीच्या तळाला भोकं आहेत तीच घ्या, काहींना फक्त पाठीला असतात. लादीत आधी टाइलचा बिट, हॅमर बंद ठेवून, नाहीतर लादी तडकते. लादी आणि खालचा माल मिळून दोन-अडीच इंच, त्यात पकड नाही. स्लॅबमध्ये दीड इंच गेला पाहिजे, म्हणजे फास्टनर चार-साडेचार इंची. त्याहून खोल नको, खालच्या घराच्या दिव्यांच्या नळ्या स्लॅबमध्येच असतात. आणि बोल्ट आवळायच्या आधी दार पूर्ण उघडतंय का बघून घ्या, वॉर्डरोबच्या बिजागरीला ठेचलं तर सगळं पुन्हा उचलावं लागतं.