माणदेशात रस्त्याकडेला कमी पाण्यावर जगणारी कोणती देशी झाडं लावावीत?

माणगंगाकाठ
नमस्कार. आमचं गाव माणदेशात, नगरपालिकेचं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. दर रविवारी सकाळी आम्ही वीसेक जण जमतो. दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, कॉलेजची पोरं आणि आता बचत गटातल्या काही बायकाही. एसटी स्टँडपासून स्मशानभूमीपर्यंतचा रस्ता, बाजारतळाची कड आणि शाळेच्या भिंतीबाहेरची पट्टी, एवढं हाती घेतलंय. कचरा काढून झाला, आता झाडं.

पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही बराचसा परतीचा. जमीन मुरमाड. उन्हाळ्यात टँकर पंधरवड्यातून एकदा आला तरी नशीब. शेळ्या मोकाट, आणि स्टँडच्या बाजूला वरून विजेच्या तारा. एक ठेकेदार कोनोकार्पसची (ते परदेशी, झपाट्यानं वाढणारं शोभेचं झाड) सहा फुटी रोपं द्यायला तयार आहे, वर्षात हिरवंगार करतो म्हणतो. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एकाला गुलमोहर हवा, दुसऱ्याला तामण, कारण ते राज्यफूल. अनुभव असलेल्यांनी सांगावं.

रोपवाटिकेवाले आबा
ताई, माझी उभी हयात सरकारी रोपवाटिकेत पिशव्या भरण्यात गेली, आणि गाव तुमच्या शेजारच्याच तालुक्यात. म्हणून जरा लांबण लागेल.

आधी दोन्ही तट मिटवा. गुलमोहर मादागास्करचा. फुलतो झकास, पण लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी कुणाच्या टपरीवर येईल सांगता येत नाही. तामण आपलंच, पण ते कोकणातलं, ओढ्याकाठचं झाड. त्याला पाय ओले लागतात. देशी आहे म्हणून मुरमावर जगेल असं नसतं. देशी आणि इथलं यात लई फरक आहे, आणि तुम्हाला इथलं पाहिजे.

इथलं म्हणजे काय, ते बघायला मे महिन्यात दुपारी गावाबाहेरच्या माळावर जा. कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नसताना जे उभं आहे ते लिहून घ्या. हिवर, बोर, तरवड, निरगुडी, ओढ्याच्या अंगाला करंज, कुठं एखादा पळस. यादी तिथंच तयार असते.

आता शेळी. माणदेशात झाड लावायचं तर पहिला विचार शेळीचा, पाण्याचा नंतर. कडुनिंब कडू म्हणून शेळी खात नाही असं शहरातली माणसं समजतात. दुष्काळात आम्ही शेळ्यांना लिंबाचाच पाला तोडून घातलाय. तेव्हा लिंब लावा, पण कुंपण करून. बिनकुंपणाचं लावायचं तर तरवड, निरगुडी, अडुळसा. जनावर वास घेतं आणि पुढं जातं. शाळेच्या भिंतीबाहेर तरवडाची रांग धरा. पिवळीधमक फुलं येतात, पावसाळ्यानंतर तर झुडूप भरून. आपल्याकडं त्याची साल कातडं कमावायला वापरायचे, म्हणून रानातलं हलकं झुडूप समजतात. तेलंगणानं मात्र हेच राज्यफूल केलंय. निरगुडीला तर रोपवाटिकासुद्धा नको. पावसाळ्यात अंगठ्याएवढ्या जाड फांदीचे हातभर तुकडे खोचा, बहुतेक धरतात.

झाडांत बहावा घ्या. एप्रिल-मेमध्ये गाव करपलेलं असताना तो झुंबरं टांगल्यासारखा फुलतो, आणि जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. बी मात्र दगडासारखं टणक. तसंच पेरलं तर वर्षभर पडून राहील. बियाचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, सोडून उलट्या बाजूनं दगडावर घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलं तेवढंच पेरायचं. पळस लावायचा तर रोप हलवत बसू नका, त्याचं सोटमूळ पिशवीत कोंडतं. मे-जूनमध्ये शेंगा पडतात, ते बी लगेच जागेवरच टोचा. लिंबाचंही तसंच, निंबोळी ताजी असतानाच. दोन-तीन महिने घरात ठेवलेली निंबोळी उगवत नाही.

सहा फुटी रोपाच्या मागं लागू नका, मग ते कशाचंही असो. पिशवीत मुळं गुंडाळून बसलेली असतात. फोटोला उंच दिसतं, पहिल्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळत येतं. दीड फुटाचं घ्या. आळ्यात गोट्यांएवढे दगड पसरा, ओल टिकते. भोवती बोराट्या, म्हणजे बोरीच्या वाळक्या काटेरी फांद्या, लावा.

लावायची घाई जूनमध्ये करू नका. आपल्याकडं जूनचा पाऊस फसवतो. ऑगस्टअखेर, परतीचा पाऊस धरून लावलेलं मी जास्त जगलेलं पाहिलंय.

टेकडीवाला, पुणे
आबांशी बाकी सगळं पटतं, शेवटच्या मुद्द्यावर थोडं वेगळं मत. ऑगस्टअखेर लावलं आणि परतीचा पाऊस हुकला, तर मूळ खोल जायच्या आत थंडी आणि मागोमाग उन्हाळा. आम्ही टेकडीवर जुलैमध्ये लावतो. अर्थात आमच्याकडे जुलैत पाऊस असतो, तुमच्याकडे नसतो.

कोनोकार्पसला सरळ नाही म्हणा. गुजरातच्या वन विभागानं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिरवंगार होतं हे खरं, पण मुळं पाइपलाइन आणि गटारात घुसतात, परागकणांनी त्रास होतो अशाही तक्रारी आहेत.

तारांखाली मोठं होणारं काहीही नको. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा नागरी भागाला लागू आहे, म्हणजे नंतर नको झालं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि वीजवाले छाटतात तेव्हा शेंडाच उडवतात. तिथे फक्त झुडपं.

मूळचा माणदेशी, हल्ली डोंबिवली
इथे पाच-सात जण पैसे द्यायला तयार आहोत. लोखंडी ट्री-गार्ड पाठवू का? वर गावाचं नाव रंगवून?

रोपवाटिकेवाले आबा
पुणेकर, तुमचा जुलै तुम्हाला लखलाभ. ताई, दोन्ही करून बघा, अर्धं तेव्हा, अर्धं नंतर.

डोंबिवलीकर, लोखंड नको. एक तर ते भंगारात जातं. आणि राहिलं तर कुणी काढत नाही, मग सळई खोडात रुतते. अशी किती झाडं फास बसलेली पाहिलीत. द्यायचंच असेल तर दुसऱ्या उन्हाळ्यातल्या टँकरचे पैसे द्या. पहिल्या वर्षी सगळेच पाणी घालतात. पहिला वाढदिवस झाला की माणसं पांगतात.

माणगंगाकाठ
आबा, टेकडीवाले, मनापासून आभार. ठेकेदाराला आजच नाही कळवलं. गुलमोहरवाले बहाव्यावर राजी झालेत. तामणवाल्या सरांची समजूत अजून काढायची आहे, ते मराठी शिकवतात. त्यांना शाळेच्या हातपंपाजवळ एक लावू द्यावं का? तिथे सांडपाणी असतं. आणि बाजारतळाच्या कडेला बायकांना आपटा हवाय, दसऱ्याचा.

रोपवाटिकेवाले आबा
हातपंपाच्या सांडपाण्यावर तामण चालेल. लावू द्या सरांना, पण पाण्याची जबाबदारीही त्यांचीच.

आपटा माळावरचाच आहे, जगेल. पण शेळीला आवडतो आणि दसऱ्याला माणसं शेळीहून वाईट. एकच लावला तर आदल्या रात्री बोडका होईल. पाच-सहा लावा, आणि पहिली चार-पाच वर्षं दसऱ्याआधी बायकांनाच राखणीला बसवा.

तरवडाचं बी विकत घेऊ नका. हिवाळ्यात चपट्या शेंगा वाळून तांबूस झाल्या की पोरांना पिशव्या देऊन माळावर पाठवा. पेरायच्या आधी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्या. उकळतं पाणी नको, हाताला सोसेल एवढंच.