शेंडा खुडला की वाकवायची गरज नाही?
शेंडा खुडला की मिरची आपोआप पसरते, फांद्या वाकवायची गरज नाही असं काही जण म्हणतात, ते उघड्या कुळागरात (आपल्या गोव्याकडच्या बागायतीत) ठीक, पण खोलीत एलईडी दिव्याखाली नाही. खुडल्यावर बाजूचे डोळे फुटतात हे खरं, पण दिव्याजवळची फांदी पुढे पळते आणि बाकीच्या सावलीत राहतात. मी म्हापशात खोला मिरची (२०१९ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली तीच) कुंडीत लावलीय, तिच्या फांद्या सुंभाने कुंडीच्या काठाला ओढून बांधतो. फक्त पाणी घातल्या घातल्या वाकवू नका, देठ ताठ असतो, बेचक्यातच कडकन मोडतो, माझ्या दोन गेल्या अशाच! माती जरा सुकू द्या, मग वाकवा. आणि जुलैत खुडत असाल तर फॅन चालू ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत जखमेला लगेच बुरशी धरते.