विंडरमेअर: स्टेशन कुठे, तळं कुठे
इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘विंडरमेअरला रेल्वेने उतरलं की समोरच तळं’ असा समज असतो, पण तसं नाही. स्टेशन आणि विंडरमेअर गाव वर चढावर. तळं खाली, काठावरच्या बोनेस गावाला, दीड मैलावर. जाताना उतार, म्हणून काही वाटत नाही. परतताना बॅगा ओढत चढायचं म्हणजे दम निघतो. त्यापेक्षा स्टेशनाबाहेरून ५९९ नंबरची बस घ्यावी, ती बोनेसच्या धक्क्यापाशी सोडते. खाली जाण्याआधी हाताशी तासभर असेल तर स्टेशनासमोरचा मोठा रस्ता ओलांडून ऑरेस्ट हेड या टेकडीची पायवाट धरा. उंची जेमतेम २३८ मीटर, अर्ध्या तासाचा चढ. आणि हवा स्वच्छ असली तर साडेदहा मैल लांबीचं तळं वरून छान दिसतं. पावसानंतर मात्र चपला नकोत, वाट निसरडी होते.

आणखी एक घोळ नेहमी होतो. अ‍ॅम्बलसाइड या तळ्याच्या उत्तर टोकाजवळच्या गावाला जाणारी लाँच गावात जातच नाही, काठावरच्या वॉटरहेडच्या धक्क्याला थांबते. बाजारपेठ तिथून वीसेक मिनिटं पायी. शेवटच्या लाँचने परतायचं असेल तर हा वेळ आधीच धरून निघा.