मदत हवी आहे: न्यूयॉर्कची इटालियन अकॅडमी, फेलोशिपचा अर्ज आणि एक बार्देशकर डॉक्टर

तळकोकणी

मंडळी, नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. पीएच.डी. झाली आहे, विषय होता गर्सन दा कुन्हा. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: १८४४ साली गोव्यात बार्देशातल्या हडफड्याला जन्मलेला, मुंबईत डॉक्टरकी करणारा आणि उरलेला सगळा वेळ नाणी, ताम्रपट, पोथ्या यांच्या मागे असणारा माणूस. चौल-वसईच्या इतिहासावरचं १८७६चं पुस्तक त्याचं. १८७७ मध्ये सह्याद्रिखंडाची (स्कंदपुराणाचा भाग मानला जाणारा संस्कृत ग्रंथ) संहिता छापली तीही त्यानेच. (सह्याद्रिखंडातल्या जातींच्या उत्पत्तिकथांवर इथे वाद सुरू करू नका, हात जोडते. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते अजून धगधगताहेत.)

हे डॉक्टरसाहेब १८७८ मध्ये फ्लॉरेन्सला प्राच्यविद्या (आशियातल्या भाषा-संस्कृतींचा अभ्यास) परिषदेला गेले होते. तिथला संस्कृतचा प्राध्यापक आंजेलो दे गुबेर्नातिस. तो १८८५-८६ मध्ये हिंदुस्थानात आला, मुंबईत दा कुन्हांच्या ओळखीपाळखीचा त्याला भरपूर उपयोग झाला आणि परत जाऊन १८८६ मध्ये त्याने फ्लॉरेन्सला 'म्युझेओ इंदियानो' म्हणजे भारतीय वस्तूंचं संग्रहालय उघडलं. माझ्या प्रबंधात या सगळ्याला एकच प्रकरण मिळालं. ते वाढवून पुस्तक करायचं डोक्यात आहे.

गाईड सरांनी कोलंबिया विद्यापीठातल्या इटालियन अकॅडमीच्या फेलोशिपचं सुचवलं. वेबसाइट वाचली आणि गोंधळ वाढला.

माझा माणूस गोव्याचा, कर्मभूमी मुंबई. हा विषय त्यांना 'इटालियन' वाटेल का? इटालियन भाषा मला शब्दकोश घेऊन वाचता येते, बोलता अजिबात येत नाही, ते चालेल का? मुळात इटलीवरच्या अभ्यासाची संस्था अमेरिकेत कशाला, आणि मी फ्लॉरेन्स सोडून न्यूयॉर्कला का जावं? शिवाय रजा आणि व्हिसा. कॉलेजात विचारलं तर कारकुनापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणतात, 'बघू.'

कुणी त्या बाजूला गेलेलं असेल तर सांगा, प्लीज.

झंप्या

इटली शिकायला अमेरिकेत. म्हणजे मालवणी जेवायला पुण्यात. वाचतोय, चालू द्या.

हडसनकाठ

झंप्या, हसू नका, ही सोय चांगली शंभर वर्षांची आहे.

मी न्यू जर्सीत राहते, मुलगी कोलंबियात होती तेव्हा या इमारतीत व्याख्यानांना जायचे. अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर, ११६व्या आणि ११८व्या रस्त्यांच्या मधे, 'कासा इतालियाना' म्हणतात तिला. बाहेरून पाहिलं तर पंधराव्या-सोळाव्या शतकातला इटालियन वाडा उचलून आणल्यासारखी. प्रत्यक्षात १९२७ची आहे, मॅकिम, मीड अँड व्हाइट या न्यूयॉर्कच्याच वास्तुविशारदांनी बांधलेली. पैसा घातला तो स्थलांतरित इटालियन बिल्डरांनी. पातेर्नो बंधू आणि त्यांचे मेहुणे कांपान्या. शहरात इमारती बांधून गबर झालेली ही मंडळी, पण इटालियन म्हणजे हमाल, गवंडी आणि गुंड असा तेव्हाचा समज. आपल्या लोकांची भाषा-संस्कृती मोठ्या विद्यापीठात मानाने बसावी म्हणून त्यांनी हे घर बांधून दिलं. उद्घाटनाला खुद्द मार्कोनी आला होता, बिनतारी संदेशवाला.

त्याच्याही आधी, १८२५ मध्ये, कोलंबियात इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला तो लोरेंझो दा पोंते. मोझार्टच्या तीन ऑपेरांच्या संहिता लिहिणारा. युरोपात घेणेकऱ्यांनी पाठ धरली म्हणून अमेरिकेत आला आणि इथे जर्सीत किराणा मालाचा धंदा करत होता! मला हे कळल्यापासून त्याच्या दुकानाच्या एलिझाबेथ गावावरून जाताना प्रत्येक वेळी आठवतं.

आणि मराठी माणसांसाठी: तिथून जरा पुढे गेलं की ११८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लेहमन ग्रंथालय आहे, त्यात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. ते कोलंबियात होते १९१३ ते १९१६, तेव्हा कासा इतालियाना नव्हती. पण त्यांना पीएच.डी. पदवी अधिकृतपणे मिळाली ते वर्ष मात्र १९२७च.

बखरवाला

हडसनकाठ यांनी गोड बाजू सांगितली, कडू मी सांगतो. कारण अर्जदाराने घराचा इतिहास माहीत करून जावं.

१९३० ते १९४० या काळात कासा इतालियानाचे संचालक होते जुझेप्पे प्रेत्झोलिनी. मुसोलिनीच्या सरकारने तिथे सामानसुमान पाठवलं होतं आणि १९३४ मध्ये 'द नेशन' साप्ताहिकाने उघड आरोप केला की हे फॅसिस्ट प्रचाराचं केंद्र झालं आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष बटलर यांनी तो फेटाळला. दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात एखाद्या राष्ट्राचं घर उभं राहिलं की हा प्रश्न कायमचा पाठीशी लागतो: तिथे अभ्यास चालतो की वकिली? आजची अकॅडमी वेगळी आहे. १९९१ मध्ये इटालियन प्रजासत्ताक आणि कोलंबिया यांच्यात करार होऊन ती त्या इमारतीत सुरू झाली, पहिल्या संचालक मारिस्तेल्ला लॉर्च. पुढे बरीच वर्षं डेव्हिड फ्रीडबर्ग हे कलेतिहासकार होते, त्यांनी तिथे मेंदूविज्ञान आणि मानव्यविद्या एकत्र बसवल्या. म्हणजे 'इटालियन' या शब्दाचा अर्थ तिथे बराच ऐसपैस आहे.

आता तळकोकणी, तुमच्या विषयाबद्दल. दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

पहिली. फिलिपा लोव्हंड्स व्हिसेंती या पोर्तुगीज इतिहासकार बाईंचं 'अदर ओरिएंटलिझम्स' हे पुस्तक २०१२ मध्ये ओरिएंट ब्लॅकस्वानने काढलंय. उपशीर्षकातच फ्लॉरेन्स आणि बॉम्बे आहे, काळ १८६० ते १९००. तुम्ही ते वाचलेलं असणारच, पण तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही आणि अर्जातही राहिला तर परीक्षक पहिल्याच परिच्छेदात कागद बाजूला ठेवेल. 'यावर फारसं काम झालेलं नाही' हे आपलं ठरलेलं वाक्य इथे चालणार नाही.

दुसरी. तुम्ही दा कुन्हांपासून सुरुवात करता. मराठी किंवा गोव्याच्या परिषदेत ते बरोबर आहे. या अर्जात गाडी उलटी जोडा. सुरुवात दे गुबेर्नातिसपासून. १८६०च्या दशकात इटली नुकतीच एकत्र झालेली, फ्लॉरेन्स १८६५ ते १८७१ राजधानी, आणि या नव्या राष्ट्राला हिंदुस्थानात एक इंचही जमीन नाही. तरी तिथे संस्कृतचं अध्यासन, आशियाई सोसायटी आणि त्यांचं नियतकालिक, संग्रहालय हे सगळं उभं राहतं. ब्रिटिशांना कलेक्टर होता, कचेरी होती, हुकूम होता. या माणसाकडे काय होतं? ओळखी. त्या ओळखींमध्ये एक बार्देशकर कॅथलिक डॉक्टर मोक्याच्या जागी आहे. म्हणजे इटालियन प्राच्यविद्या कशी घडली याचं उत्तर मुंबईत सापडतं. एवढं मांडलंत तर विषय इटालियन आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

(दे गुबेर्नातिस हा इसम स्वतंत्र प्रकरण आहे. नोकरी लागून दोन वर्षं होत नाहीत तोच अराजकवादी क्रांतिकारक बाकुनिनच्या नादाने प्राध्यापकी सोडली, त्याच्याच नात्यातल्या रशियन मुलीशी लग्न केलं, क्रांतीवरचा विश्वास उडाला आणि पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसला.)

रानजाई

+१ बखरवाला. तो 'उलटी गाडी' मुद्दा मी वहीत उतरवून घेतला, विषय वेगळा असूनही.

तळकोकणी

बखरवाला, राग कसला! व्हिसेंतींचं पुस्तक टेबलावरच आहे, प्रबंधात त्यावर अख्खा उपविभाग आहे. माझं म्हणणं त्यांच्यापेक्षा वेगळं कुठे आहे तर सह्याद्रिखंडात. दा कुन्हांनी पोथ्या जमवून संहिता कशी लावली, आणि त्याच डोळ्याने त्यांनी फ्लॉरेन्सच्या पाहुण्याला काय दाखवलं, काय टाळलं. त्यासाठी संस्कृत-मराठी-कोकणी साधनं लागतात, ती माझ्याकडे आहेत.

बखरवाला

मग हे पोस्टच्या पहिल्या ओळीत का नव्हतं? हाच तुमचा अर्ज आहे!

पाद्रोवाडा

भाषेबद्दल लिहितो. मी सिएनात एक वर्ष काढलंय. दे गुबेर्नातिसचा पत्रव्यवहार फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि ती हस्तलिखित पत्रं आहेत. छापील इटालियन शब्दकोश घेऊन वाचणं वेगळं आणि एकोणिसाव्या शतकातलं तिरकं, घाईचं अक्षर लावणं वेगळं. मोडी शिकल्या असाल तर कल्पना येईल: लिपी कळली तरी प्रत्येक कारकुनाचं वळण नव्याने शिकावं लागतं. आत्तापासून रोज अर्धा तास द्या. त्याचं 'पेरेग्रिनात्सिओनी इंदियाने' हे तीन खंडांचं प्रवासवर्णन १८८६-८७चं आहे, छापील आहे, तिथून सुरुवात करा. विषयही तुमचाच.

बोलता येत नाही याची न्यूयॉर्कमध्ये अडचण नाही, तिथला व्यवहार इंग्रजीत चालतो. पण 'वाचनापुरती इटालियन येते' एवढं मोघम लिहू नका. सिएनाच्या परकीयांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स परीक्षा किंवा पेरुजाची चेली, यातलं एक प्रमाणपत्र जोडलंत तर वेगळं काही पटवून द्यायची गरज राहत नाही. मुंबईत इटालियन सरकारची सांस्कृतिक संस्था आहे, तिथे चौकशी करा. फक्त एक ध्यानात ठेवा, ती संस्था सरकारची आहे आणि तुम्ही अर्ज करताय ती विद्यापीठाची. मुंबईतून शिफारस मिळवली म्हणून कोलंबियात वजन पडत नाही.

झंप्या

न्यूयॉर्कमध्ये अजून एक कासा इतालियाना आहे ना? माझ्या मित्राने फोटो टाकले होते, पण पत्ता भलताच होता.

हडसनकाठ

ती न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची, कासा इतालियाना झेरिल्ली-मारिमो, पश्चिम १२व्या रस्त्यावर. १९९०ची, एका बॅरोनेसच्या देणगीतून. तिथे चित्रपट, पुस्तकं, प्रदर्शनं, गप्पा. जायला फार छान, पण तळकोकणींना हवी ती जागा ती नव्हे. अर्जात दोन्हींची नावं एकमेकांत मिसळू नका, लोक मिसळतात.

हार्वर्डची फ्लॉरेन्सजवळची संशोधनसंस्था, व्हिला इ तात्ती, कुणी सुचवेल, पण त्यांचा भर प्रबोधनकाळावर (रेनेसाँस). तुमचे डॉक्टर तिथे चारशे वर्षं उशिरा पोचतील.

तळकोकणी

मग फ्लॉरेन्स की न्यूयॉर्क? कागद फ्लॉरेन्सला, वस्तूही तिथेच.

बखरवाला

आधी फ्लॉरेन्स, मग न्यूयॉर्क. अकॅडमी म्हणजे दफ्तरखाना नव्हे. तिथे बसायला खोली, हाताशी कोलंबियाची ग्रंथालयं आणि फेलो मंडळींचं सेमिनार मिळतं. त्यात कुणी पुरातत्त्ववाला, कुणी संगीतवाला, कुणी मेंदूवाला. सह्याद्रिखंड म्हणजे काय हे त्यांना समजावताना तुमचं पुस्तक आपोआप मार्गी लागेल. पण कागद आधी पाहिलेले हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्लॉरेन्सला जाऊन या, खर्च तुम्हालाच करावा लागला तरी. ग्रंथालयात पत्रं पाहा आणि प्रोकोन्सोलो रस्त्यावरच्या पालात्सो नॉनफिनितोमध्ये, मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात, म्युझेओ इंदियानोच्या वस्तू आहेत त्या पाहा. तिथल्या अभिरक्षकांना महिनाभर आधी पत्र टाका. 'मी इतकी पत्रं पाहिली, त्यातून हा प्रश्न निघाला' हे वाक्य अर्जात आलं पाहिजे.

फाइलबंद

रजेवर बोलायला माझ्यापेक्षा लायक कुणी नाही. मीही अनुदानित महाविद्यालयातला, अशाच एका फेलोशिपसाठी बाहेर जाऊन आलोय.

'बघू' म्हणजे नकार नव्हे, लेखी काही समोर आलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. निवडपत्राची वाट पाहू नका. अर्ज करतानाच प्राचार्यांमार्फत संस्थेला कळवणारं पत्र द्या आणि आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवा. निवड झाली की अभ्यासरजा मागा, बसत नसेल तर बिनपगारी. सेवा खंडित धरली जाणार नाही हे शब्द आदेशात असल्याशिवाय विमानात बसू नका. माझ्या आदेशात ते नव्हते, पुढे वेतननिश्चितीला दोन वर्षं हेलपाटे घातले. परदेशगमनाचं नाहरकत पत्र वेगळं, रजेचा आदेश वेगळा. सहसंचालक कार्यालयात फाइल गेली की दर पंधरा दिवसांनी जावं, चहा प्यावा, परत यावं.

सत्र निवडताना सप्टेंबर ते डिसेंबरचं मागा. जानेवारी ते मे मागितलंत तर परीक्षा, पेपर तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाचं भूत सगळं त्यातच येतं आणि विभागप्रमुख सहीच करणार नाहीत.

हडसनकाठ

व्हिसाबद्दल मला माहीत आहे तेवढं. अशा फेलोंना साधारणपणे जे-१ हा देवाणघेवाणीचा व्हिसा मिळतो, विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचा कागद पाठवतं, त्यावर पुढचं सगळं. त्यावर कुठला प्रवर्ग लिहिलाय ते नीट पाहा. 'रिसर्च स्कॉलर' असेल तर कार्यक्रम संपल्यावर चोवीस महिने त्याच प्रवर्गात परत येता येत नाही. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' सहा महिन्यांपर्यंतच असतो, पण त्याला ती आडकाठी नाही. एका सत्रासाठी येणार असाल तर आधीच विचारून घ्या, नंतर बदलत नाही.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट भारतीयांना अमेरिकी सरकारच्या कौशल्यसूचीमुळे (कुठल्या देशाला कोणती कौशल्यं परत हवीत त्याची यादी) लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव त्या सूचीतून निघालं. सरकारी पैशांवर, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, आलात तर मात्र अट लागतेच.

राहण्याचा खर्च स्टायपेंडमधून करायचा असं धरूनच चाला. कोलंबियाच्या आसपासच्या मॉर्निंगसाइड हाइट्समधलं भाडं ऐकून माणूस खाली बसतो. विद्यापीठाचे प्राध्यापक सत्रभर बाहेर जातात, त्यांची घरं मधल्या काळात भाड्याने मिळतात, ती शोधा. नवरा-मुलं येणार आहेत का? जे-२ ची, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसाची, तयारी वेगळी.

तळकोकणी

नवरा म्हणतो, काजूचा हंगाम सोडून कुठेही येतो. सप्टेंबर त्यांनाही सोयीचा!

पहिला परिच्छेद असा करतेय, बघा: 'एकोणिसाव्या शतकात वसाहत नसलेल्या इटलीने भारताचं ज्ञान कोणामार्फत मिळवलं? फ्लॉरेन्सचा संस्कृतज्ञ दे गुबेर्नातिस आणि मुंबईचा डॉक्टर गर्सन दा कुन्हा यांच्या देवाणघेवाणीतून मी हा प्रश्न तपासते. व्हिसेंती यांनी या मैत्रीचा पट उलगडला आहे. मी त्यातल्या एका टोकाकडे, दा कुन्हांच्या सह्याद्रिखंडाच्या संपादनाकडे जाते आणि पोथ्या निवडण्याची त्यांची पद्धत फ्लॉरेन्सच्या संग्रहापर्यंत कशी पोचली ते पाहते.'

बखरवाला

चांगलं आहे. 'मैत्रीचा पट उलगडला आहे' काढा, तिथे त्यांचं मुख्य प्रमेय एका वाक्यात लिहा. आणि 'कशी पोचली' ऐवजी 'पोचली का' करा. अजून पत्रं पाहायची आहेत ना?

शिफारसपत्रांत एक तरी माणूस इटलीच्या बाजूचा हवा. गाईड सरांचं एक, संस्कृतवाल्या कुणाचं एक, आणि तिसरं फ्लॉरेन्समध्ये मिळवा. संग्रहालयाला पत्र टाकणारच आहात, ते आजच टाका.

पाद्रोवाडा

पत्र इटालियनमध्ये लिहा, चुकलं तरी चालेल. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पाहून देतो.