मदत हवी आहे: चॉकलेटं साच्यातून सुटत नाहीत, सुटली तर हाताला चिकटतात

सातवा_मजला | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४२

व्हॅलेंटाइन डेसाठी घरी हृदयाच्या आकाराची चॉकलेटं करतोय. १२-१२ चे चार डबे, म्हणजे ४८ नग हवेत. आज पहिला घाणा केला. डबल बॉयलरवर वितळवलं, साच्यात ओतलं, गार केलं. निम्मी साच्यालाच चिकटून तुटली. जी निघाली ती बोटांना लागतात, चमक अजिबात नाही, आणि दोन तासांत वर पांढरट पट्टे आले. सगळं परत वितळवून ओतलं, पुन्हा तेच. काय चुकतंय ते लगेच सांगा, हातात दोनच दिवस आहेत. व्हिडिओंच्या लिंका नकोत, भरपूर बघून झालेत.

तापमापी | रात्री १०:५१

कंपाउंड (वनस्पती तेलाचं) की कूव्हर्चर (कोको बटरचं)? साचा सिलिकॉनचा की कडक पॉलिकार्बोनेटचा? किती तापमानाला ओतलं? फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रीजरमध्ये, आणि किती वेळ? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाज.

माहीमची_मावशी | रात्री १०:५८

साचा सरळ डीप फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवा. टकाटक सुटतात. एवढं सोपं आहे.

तापमापी | रात्री ११:०३

मावशी, सुटतील, पण बाहेर काढताक्षणी मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यावर दव धरेल. त्या पाण्यात पृष्ठभागावरची साखर विरघळते, पाणी उडालं की खरखरीत पांढरा थर उरतो. त्यांच्याकडे आधीच पांढरं येतंय, त्यात ही भर नको.

सातवा_मजला | रात्री ११:१०

डार्क आहे. साचा रबरासारखा वाकतो. फ्रिजमध्ये तासभर ठेवलं. थर्मामीटर नाही. आता सांगा.

क्रॉफर्डकर | रात्री ११:२२

टेंपरिंग, म्हणजे तापमान वर-खाली करून चरबी नीट जमवणं, केलेलं नाही, बस. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारे जमतात. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा. तो साधारण ३४ अंशांना वितळतो, म्हणून हातात कडक राहतो आणि तोंडात विरघळतो. नुसतं वितळवून गार केलं तर खालचे कच्चे प्रकार जमतात. मऊ, निस्तेज, आणि नंतर चरबी वर येऊन पांढरे पट्टे. डार्क ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ ला उतरवा, परत ३१-३२ वर आणा आणि मग ओता. मिल्कला ओतताना २९-३०, व्हाइटला २८-२९. थर्मामीटरशिवाय हे करायला जाऊ नका.

माहीमची_मावशी | रात्री ११:२९

एवढ्या आकड्यांची गरजच काय? कंपाउंड आणा. वितळवा, ओता, फ्रिजमध्ये दहा मिनिटं, तयार. टेंपरिंगची भानगडच नाही.

क्रॉफर्डकर | रात्री ११:३४

भानगड नाही आणि चवही नाही. कंपाउंडमधली चरबी टाळूला मेणासारखी चिकटून राहते. जिच्यासाठी करायचं तिला पहिल्याच घासात कळतं.

माहीमची_मावशी | रात्री ११:३८

चांगल्या कंपाउंडमध्ये चिमूटभर मीठ आणि १०० ग्रॅमला अर्धा चमचा चाळलेली कॉफी पावडर घातली की चव नक्की सुधारते. आणि एप्रिल-मेमध्ये मुंबईत एसीशिवाय कूव्हर्चर करून दाखवा म्हणावं.

तापमापी | रात्री ११:४१

आपण फेब्रुवारीत आहोत. सातवा_मजला, 'डार्क' हे उत्तर नव्हे, कंपाउंडही डार्क मिळतं. पाकीट उलटं करून घटक जसेच्या तसे इथे टाका. आणखी एक. सिलिकॉनचा साचा ताणला की अर्धवट टेंपर झालेलं चॉकलेटही बहुधा निघून येतं. तासभर फ्रिजमध्ये राहूनही त्यात चिकटून तुटत असेल, तर चरबी नीट घट्टच झालेली नाही. मला नुसतं टेंपरिंग चुकल्यासारखं वाटत नाही.

खाऊगल्ली | रात्री ११:५०

चमक हवी तर वितळवताना चमचाभर साजूक तूप घाला.

क्रॉफर्डकर | रात्री ११:५४

कृपया नको. तूप खोलीच्या तापमानालाच मऊ असतं, ते चॉकलेट आणखी मऊ करेल. चमक येते ती नीट जमलेल्या स्फटिकांमुळे आणि गुळगुळीत साच्यामुळे.

सातवा_मजला | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मोठ्या स्लॅबवर: साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, कोको पावडर, इमल्सिफायर. दुसऱ्यावर: साखर, कोको मास, कोको बटर. कोको ५५ टक्के.

तापमापी | सकाळी ७:२१

'दुसऱ्यावर' म्हणजे? दोन्ही एकत्र केलीत का? किती-किती?

सातवा_मजला | सकाळी ७:२४

हो. ५०० ग्रॅमचा स्लॅब होता, चव फार गोड लागली म्हणून त्यात २०० ग्रॅम चांगलं डार्क मिसळलं. दोन्ही चॉकलेटच आहेत ना?

तापमापी | सकाळी ७:४०

सापडलं. तुमचं टेंपरिंग, साचा, फ्रिज सगळं बाजूला ठेवा.

घरगुती कंपाउंडच्या स्लॅबमध्ये बहुतेक पामच्या बीचं हायड्रोजनेटेड तेल असतं. ते आणि कोको बटर वेगळं असताना दोन्ही छान घट्ट होतात, पण एकमेकांच्या स्फटिकांत बसत नाहीत. एकत्र केले की मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला मऊ पडतं. याला युटेक्टिक परिणाम म्हणतात. कंपाउंडच्या एकूण चरबीत कोको बटर सुमारे ५ टक्क्यांपर्यंतच खपतं. म्हणून तर कंपाउंड करताना बहुतेक चरबी काढून घेतलेली कोको पावडर वापरतात.

आता तुमचा हिशोब. ५०० ग्रॅम कंपाउंडमध्ये ३० टक्के चरबी धरली तर १५० ग्रॅम. २०० ग्रॅम डार्कमधून ६० ते ७० ग्रॅम कोको बटर आलं. म्हणजे एकूण चरबीत जवळजवळ ३० टक्के. कुठे ५, कुठे ३०. हे मिश्रण कितीही वेळा वितळवा, टेंपर करा, फ्रीजरमध्ये ठेवा, ते कडक आणि चकचकीत होणार नाही. पांढरे पट्टेही त्याचेच.

क्रॉफर्डकर | सकाळी ७:५२

हे मान्य. मी घटक न विचारताच टेंपरिंगवर गेलो.

सातवा_मजला | सकाळी ८:०५

मग ७०० ग्रॅम फेकायचं? आणि आता नेमकं काय आणू?

तापमापी | सकाळी ८:२२

फेकू नका, गनाश करा. त्यात मलई आली की मऊपणा हाच गुण होतो. तुमचं मिश्रण आधीच मऊ आहे, म्हणून ७०० ग्रॅमला ३५० ऐवजी २८० ग्रॅम फ्रेश क्रीम पुरे. बाजारात पाकिटात मिळतं ते २५ टक्के फॅटवालं चालेल. कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू नका. बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने हळू ढवळा. तेल सुटून फाटलंच तर एक-दोन चमचे कोमट दूध घालून घोटा, जुळून येतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गोळ्या वळून कोको पावडरमध्ये घोळवा. हे ट्रफल्स फ्रिजमध्येच ठेवायचे आणि तीन-चार दिवसांत संपवायचे.

४८ हृदयांसाठी नवीन माल घ्या, पण एकाच जातीचा. १० ग्रॅमचं एक धरलं तर ४८० ग्रॅम, भांड्याला लागून राहतं ते धरून ६००. शिवाय थोडं हाताशी राखून ठेवा. वेळ आणि एसी असेल तर कूव्हर्चर, नसेल तर मावशी म्हणतात तसं निव्वळ कंपाउंड. कंपाउंड ४०-४२ अंशांना ओता, ५५ च्या वर तापवू नका, घट्ट आणि रवाळ होतं.

माहीमची_मावशी | सकाळी ८:३१

मी पहिल्यापासून तेच सांगतेय.

क्रॉफर्डकर | सकाळी ८:४५

कूव्हर्चर घेणार असाल तर बटणांच्या रूपातलं घ्या, चिरायचा त्रास वाचतो. खाण्याचे बार वितळल्यावर दाट राहतात, साच्यात कोपऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंग सामानाची दुकानं आहेत, सीएसएमटीहून चालत दहा मिनिटं. प्रोब थर्मामीटरही तिथेच घ्या. आणि भर दुपारी साध्या पिशवीतून आणू नका. वितळवायचा माल वाटेत मऊ पडला तर बिघडत नाही, पण बीज म्हणून, म्हणजे वितळलेल्या चॉकलेटला चांगले स्फटिक द्यायला, घालायचा माल शाबूतच हवा. तो वाटेत मऊ होऊन पांढरा पडला की त्यातले चांगले स्फटिक गेले, मग बीज कशाचं?

कृती: ६०० पैकी ४०० ग्रॅम ४५-४८ अंशांपर्यंत वितळवा. मायक्रोवेव्ह असेल तर ५० टक्के पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी ढवळून. डबल बॉयलर असेल तर भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका, आणि उतरवल्यावर तळ आधी पुसा. उरलेले २०० ग्रॅम तीन-चार हप्त्यांत घालून ३१-३२ येईपर्यंत ढवळत राहा. सगळं विरघळलं आणि तरी ३४ च्या वर असेल तर राखलेल्यातली थोडी बटणं घाला. मग सुरीचं टोक बुडवून एसीच्या खोलीत ठेवा. तीन ते पाच मिनिटांत सुकून एकसारखी चमक आली तर ओता. नाही आली तर ओतू नका.

पळसाचं_पान | सकाळी ९:१०

सासरे मधुमेही असतील तर शुगरफ्री कंपाउंडमध्ये माल्टिटॉल असतं. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, आणि रक्तातली साखरही थोडी वाढतेच. तीन-चार तुकड्यांवर जाऊ देऊ नका.

सातवा_मजला | सकाळी ९:१६

सासऱ्यांचा विषय कुठून आला? कूव्हर्चर आणतोय, बेडरूममध्ये एसी आहे. आणि १२ हृदयांत गुलकंद भरायचाय, चालेल ना?

तापमापी | सकाळी ९:३०

हे आधी सांगायला हवं होतं. घरचा गुलकंद की बाटलीतला? पाक किती सुटलाय?

सातवा_मजला | सकाळी ९:३३

बाटलीतला. बराच पातळ आहे.

तापमापी | सकाळी ९:४९

मग तसाच भरू नका. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी साखरेचे कण एकमेकांना चिकटून सगळं आळतं. आणि पातळ कवचातून पाक दुसऱ्या दिवशी बाहेर पाझरतो. गुलकंद गाळणीत अर्धा तास ठेवून पाक निथळू द्या. निथळलेल्या १०० ग्रॅमला ४० ग्रॅम बदामाची पूड घालून मळा, गोळी वळता आली पाहिजे. दूध, गुलाबपाणी काहीही नको. साचा भरून, उलटा करून झटका, कवच निदान दोन मिलिमीटर जाड राहू द्या. ते घट्ट झाल्यावर तीन ग्रॅमची गोळी आत दाबा. वर दोन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर तळ बंद होत नाही.

खाऊगल्ली | सकाळी १०:०५

गुलाबाच्या वासाबरोबर गुलाबी रंगही हवा. व्हाइट चॉकलेटमध्ये केकचा जेल कलर घाला.

क्रॉफर्डकर | सकाळी १०:१२

जेल कलर पाण्यातला असतो, चॉकलेट लगेच आळेल. तेलात विरघळणारा किंवा पावडर रंग, खास चॉकलेटसाठीचा, तोच चालतो.

वसईवाली | सकाळी १०:४०

संक्रांतीची कडक तिळाची चिक्की उरली असेल तर लाटण्याने जाडसर भरडून भरा. पाणी नाही, पाझरणं नाही, आणि कुरकुरीत. ३ भाग चिक्कीला १ भाग वितळलेलं तेच चॉकलेट घालून बांधून घ्या.

माहीमची_मावशी | सकाळी १०:५२

हे मस्त. आणि आता महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या आल्यात, त्या बुडवा की. साचाच नको.

तापमापी | सकाळी ११:०४

बुडवा, पण १४ तारखेलाच. फ्रिजमधली गार फळं आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एकेक पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. ओली राहिली तर चॉकलेट घसरून पडतं. पाच-सहा तासांत देठाजवळ रस सुटायला लागतो.

वसईवाली | सकाळी ११:१५

दादरला सध्या पेटी कितीला आहे? लहान फळं नकोत, बुडवायला मोठी लागतात.

सातवा_मजला | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

काल रात्री केलं. एसी २१ वर. सुरीवरचं चार मिनिटांत सुकलं. फ्रिजमध्ये १२ मिनिटं ठेवलं, ४८ पैकी ४५ नीट सुटली. तीन हृदयांची टोकं साच्यात राहिली. चमक आहे, पण पॉलिकार्बोनेटच्या फोटोत दिसते तेवढी नाही. हे का? आणि उद्या लोकलने न्यायची आहेत, डब्यात कसं ठेवू?

तापमापी | सकाळी ९:४४

चमक साच्याच्या पृष्ठभागाची नक्कल असते. सिलिकॉन मॅट, तर चॉकलेट मॅट. तुमचं टेंपर बरोबर आहे. टोकं राहिली ती हवेच्या बुडबुड्यांमुळे. ओतल्यावर साचा पाटावर दहा-पंधरा वेळा हलकेच आपटायचा, आणि टोकात आधी ब्रशने पातळ थर द्यायचा. तीन वितळवून पुन्हा करा, टेंपर मात्र नव्याने.

फ्रिजमध्ये ठेवू नका, एसीच्या खोलीत झाकून ठेवा. नेताना डबा घट्ट बंद, बाहेरून वर्तमानपत्राची दोन घडी, मग थर्मल पिशवी, जेल पॅक डब्याला न टेकवता बाजूला. सकाळी नऊच्या आत निघा. पोचल्यावर डबा बंदच ठेवून अर्धा तास तसाच राहू द्या, मग उघडा. लगेच उघडलात तर दव धरेल. ट्रफल्सचा डबा वेगळा, त्यालाच जेल पॅक टेकवा.

सातवा_मजला | सकाळी ९:५१

ठीक. तीन पुन्हा करतो. गुलकंदाची बारा अजून पाझरलेली नाहीत.