लॉबीतला उद्देशिकेचा बोर्ड (सोसायटी ग्रुप, दांडिया बाजार, बडोदा)

शिर्के काका, ए-201: सेक्रेटरीसाहेब, लिफ्टसमोरचा उद्देशिकेचा बोर्ड लावण्याआधी कोणी वाचला होता का? ‘समाजवादी धर्मनिरपेक्ष’ गायब, ‘एकात्मता’ गायब आणि खाली तारीख 26 जानेवारी 1950! येणारा-जाणारा वाचतो, शोभतं का?

सेक्रेटरी: काका, नमस्कार. तो मूळ प्रतीवरून केला आहे 🙏

कदम, सी-102: मूळच बरोबर. मागाहून घुसवलेले शब्द हवेत कशाला?

शिर्के काका: मूळ प्रतीत तरी 26 जानेवारी कुठंय?

जोशी, ए-404: बोर्डाचे पैसे सिंकिंग फंडातून गेले का?

पागे वहिनी, बी-304: कदमभाऊ, ते शब्द 42व्या दुरुस्तीने 1976 मध्ये आले, 3 जानेवारी 1977 पासून लागू आहेत. त्यांना आव्हान देणारे अर्ज सुप्रीम कोर्टाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी फेटाळले. मूळ पान लावायची हौस असेल तर जरूर लावा, पण खाली ‘1950 ची हस्तलिखित प्रत’ असं छापा. आजची उद्देशिका म्हणून लावायची तर आजचाच मजकूर हवा. आणि तारीख दोन्हीकडे 26 नोव्हेंबर 1949, कारण त्या दिवशी संविधान सभेने ते अंगीकृत केलं. नागरिकत्व, निवडणूक आयोग अशी काही कलमं त्याच दिवशी लागू झाली, बाकीचं 26 जानेवारीला. दुकानदार इंटरनेटवरचं पहिलं चित्र उचलतात, तिथेच घोटाळा होतो. केंद्राच्या विधी खात्याच्या साइटवरची प्रत काढून द्या. आणि चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटच्या उजेडात अर्धा मजकूर दिसत नाही.

मोरे, बी-101: त्या हस्तलिखिताची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींची. आपल्या कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रंही बोसांचीच. अक्षर प्रेम बिहारी नारायण रायजादांचं. मूळ पान लावलं तर बडोद्याला साजेसंच आहे!

कदम: बघा!

शिर्के काका: साजेसं असलं तरी तारीख चूक ती चूकच.

जोशी: सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. उत्तर नाही.

गायकवाड, सी-303: रविवारी सामूहिक वाचन ठरलंय ना? नंतर शेव-उसळ आहे का, तेवढं सांगा.

सेक्रेटरी: वाचन 10 वाजता, गच्चीवर. अनुच्छेद 1 पासून सुरू करू.

पागे वहिनी: अहो, 1 पासून नको. मूळचे 395 अनुच्छेद, नंतर घातलेले वेगळेच. तसं वाचत बसलात तर पुढच्या रविवारी खुर्च्यांशिवाय कोणी नसेल. आधी उद्देशिका मोठ्याने वाचा, मग थेट 12. मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्य’विरुद्ध मागायचे असतात, आणि राज्य म्हणजे कोण ते 12 सांगतो. ते सोडून 14 वर उडी मारली की सगळा गोंधळ. पुढे 13 ते 19, 21, 21क, मग 32 (सुप्रीम कोर्ट) आणि 226 (हायकोर्ट) जोडीने, म्हणजे हक्क डावलला तर जायचं कुठे ते कळतं. 51क ची कर्तव्यं शेवटी. नगरपालिकांसाठीची बारावी अनुसूची आवर्जून घ्या. 18 विषय आहेत. रस्ते, पाणी, कचरा यावर ग्रुपवर रोज चिडण्यापेक्षा ती यादी हाताशी असलेली बरी.

मोरे: 21क वाचताना एक जोडा. सयाजीरावांनी संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1906 मध्ये आणलं. देशात तो मूलभूत हक्क म्हणून लागू झाला 1 एप्रिल 2010 ला.

जाधव, सी-402: वहिनी, 14 म्हणजे समानता ना? मग माझ्या फ्लॅटच्या भाडेकरूंना कमिटीने एनओसी का नाही दिली? हा 14 चा भंग आहे. रिट करतो.

सेक्रेटरी: जाधवसाहेब, तो विषय मीटिंगमध्ये झालेला आहे.

जाधव: झालेला नाही, दाबलेला आहे.

कदम: इथे संविधानावर बोलायचं ठरलं होतं.

जाधव: मी तेच बोलतोय.

पागे वहिनी: जाधवभाऊ, सहकारी सोसायटी साधारणपणे 12 मधल्या ‘राज्या’त बसत नाही, त्यामुळे 14 घेऊन गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडाल. सोसायटी स्थापणं हा 19(1)(ग) खाली नागरिकांचा हक्क आहे, 97व्या दुरुस्तीपासून तिथे ‘सहकारी संस्था’ असा शब्दच आहे. सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा अहमदाबादच्या एका सोसायटीचा उपविधी सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये ग्राह्य धरला. तुमचा रस्ता गुजरात सहकारी मंडळी कायदा, 1961, कलम 96. तुम्ही सभासद, तुमचा वाद सोसायटीशी. आधी नकार लेखी मागा, ठराव क्रमांकासकट. तो नसेल तर तक्रारीला धरायला काही राहत नाही.

सेक्रेटरी: बघितलंत? कमिटी कायद्यातच आहे.

पागे वहिनी: थांबा, पुढचंही वाचा. 17, म्हणजे अस्पृश्यताबंदी, खासगी माणसालाही लागू आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने राहती जागा घेण्यात किंवा तिथे राहण्यात अडथळा आणणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 खाली गुन्हा आहे. त्यात राहत्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. नकाराचं कारण काय लिहिलंत, त्यावर सगळं अवलंबून.

मोरे: 1917 मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा त्यांना याच गावात राहायला जागा मिळाली नव्हती. कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर, त्यांच्या स्मारकावर, हार घालायला आपण दरवर्षी जातोच.

कदम: मोरेभाऊ, प्रत्येक गोष्टीला तिकडे नेऊ नका.

शिर्के काका: बोर्ड बदलणार की नाही?

जोशी: आणि कोणत्या फंडातून?

सेक्रेटरी: नवीन बोर्ड मेंटेनन्समधून. विषय बंद.

जोशी: म्हणजे आधीचा सिंकिंगमधूनच होता ना?

गायकवाड: शेव-उसळ फायनल समजू का?

पागे वहिनी: 12 ते 17 च्या झेरॉक्स माझ्याकडून घेऊन जा. जाधवभाऊ, एनओसीच्या अर्जाची पोच आहे ना तुमच्याकडे?

जाधव: अर्ज दिला, पोच दिली नाही.

पागे वहिनी: मग आज पुन्हा रजिस्टर्ड एडीने पाठवा. चेअरमनना एक, सेक्रेटरींना एक.

सेक्रेटरी: वहिनी, हे ग्रुपवर कशाला?